सहा कम्प्युटर, सहा नद्या

आमच्या गावच्या वाचनालयात सहा जुने कम्प्युटर आहेत, पाच लिनक्सवाले (विंडोजसारखीच, पण वेगळी सिस्टिम) आणि एक विंडोज १० वाला. संध्याकाळी शेतातून आलो की दोन-अडीच तास मी तिथं बसतो, पोरापोरींचे फॉर्म, प्रोजेक्ट, टायपिंग सगळं तिथंच होतं. आज जे लिहून रायलो ते कम्प्युटरच्या नावाबद्दल, म्हणजे नेटवर्कवर मशीन ज्या नावानं ओळखू येते त्या होस्टनेमबद्दल. ते कमांड लाइनवरून, म्हणजे माउस न वापरता हुकूम टाइप करून, पाहणं आणि बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, आणि मी ते वर्षभर केलं नाही त्याचा त्रास एका पोरीले झाला.

झालं असं की उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) मी एकाच मशीनवर नीट बसवलं होतं आणि तीच डिस्क बाकी चारांवर क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवली, वेळ वाचला. पण क्लोन म्हणजे नावासकट क्लोन. पाचही मशीनचं नाव ‘उबुंटू’. लिनक्समध्ये अवाही नावाची एक सर्व्हिस असते, ती घरच्या नेटवर्कवर नावापुढं ‘डॉट लोकल’ लावून मशीन शोधून देते, आयपी म्हणजे मशीनचा आकडी पत्ता पाठ करायची गरज पडत नाही. एकाच नावाचे दोन सापडले की ती दुसऱ्याले आपोआप ‘उबुंटू-२’ करते, मग ‘उबुंटू-३’, असं. मले वाटे २ म्हणजे खिडकीजवळचा, ३ म्हणजे दाराजवळचा. पण हा नंबर मशीनचा नसतोच, जो आधी चालू होईल त्याले आधीचं नाव भेटतं, एवढंच.

त्या दिवशी साडेपाचला लाइन गेली, वीस मिनिटांनी आली, पोट्ट्यांनी जसे हाताले लागले तसे कम्प्युटर चालू केले. मी माझ्या जागेवरून एसएसएचनं (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर जाऊन कमांड द्यायची सोय) ‘उबुंटू-३’ वर गेलो, दाराजवळचा बंद करायचा होता, पॉवरऑफ दिलं, आणि खिडकीजवळून आवाज आला, "दादा, माया कम्प्युटर बंद पडला!" बाजूच्या गावची पोरगी, नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरून रायली होती, पाऊण तासाचं काम ब्राउझरमध्ये होतं, सगळं गेलं. परत भरता भरता तिची शेवटची एसटी निघून गेली आणि भावाले मोटरसायकल घेऊन अंधारात यावं लागलं. मशीन बदलली तर एसएसएच इशारा देते, पण तिनंही दिला नाही, कारण क्लोनमध्ये एसएसएचच्या चाव्या (ज्यावरून ती मशीन ओळखते) पण त्याच होत्या. आणि स्क्रीनवरच्या प्रॉम्प्टमध्ये (कमांड लिहायच्या जागेआधी येणाऱ्या अक्षरांत) पाहावं तर पाचही ठिकाणी ॲटच्या पुढं तेच ‘उबुंटू’.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आधी नावं.

(कमांड टाइप करताना इंग्रजी अक्षरातच करायच्या, इथं वाचायले सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितो.)

नाव पाहायचं तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) नुसतं ‘होस्टनेम’ लिहून एंटर मारा, एवढंच. ‘यूनेम’ पुढं मायनस एन लावलं तरी तेच नाव दिसतं. जास्त माहिती पाहिजे तर ‘होस्टनेमसीटीएल’, सगळी अक्षरं जोडून, त्यात नाव, मशीन आयडी, लिनक्सचं व्हर्जन, कर्नल (सिस्टिमचा गाभा) सगळं येतं.

बदलायचं तर: ‘सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम’ आणि पुढं नवीन नाव. ‘सुडो’ म्हणजे ही कमांड ॲडमिनच्या अधिकारानं चालव. रीस्टार्ट लागत नाही. पण उघडं असलेलं टर्मिनल जुनंच नाव दाखवत राहते, ते बंद करून नवीन उघडा, मग प्रॉम्प्ट बदललेला दिसतो. काही जण ‘सुडो होस्टनेम’ पुढं नाव देऊन बदलतात, त्यानं पण बदलतं, पण रीबूट केलं की जुनं परत, कारण कायमचं नाव ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘होस्टनेम’ फाइलमध्ये असते आणि ती कमांड त्या फाइलले हातच लावत नाही. आपल्याकडं लाइन दिवसातून दोनदा जाते, तिथं असं तात्पुरतं नाव काय कामाचं.

एक जागा लोक विसरतात. त्याच फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ नावाची दुसरी फाइल आहे, तिच्यात १२७.०.१.१ (मशीनचा स्वतःसाठीचाच पत्ता) समोर जुनं नाव लिहिलेलं असतं. ते तसंच राहिलं तर सुडो दिल्यावर बऱ्याचदा ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ असा मेसेज येतो आणि माणूस घाबरतो. मी आता आधी नॅनोनं (टर्मिनलमधला साधा एडिटर) होस्ट्समध्ये नवीन नाव टाकतो, मग होस्टनेम बदलतो. ही होस्ट्स फाइल मले लई आवडते, कारण हिचा इतिहास मोठा आहे. इंटरनेटच्या आधी अर्पानेट होतं तेव्हा अख्ख्या नेटवर्कची नावं अशाच एका फाइलमध्ये होती, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती सांभाळायची आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. मशीन वाढल्या, ते पुरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी पद्धत, मांडलं. पण ती छोटी फाइल आजही आपल्या प्रत्येक कम्प्युटरमध्ये आहे.

नाव कसं असावं याचे नियम: इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधात आडवी रेघ, बस. सुरुवातीले किंवा शेवटी रेघ नको, स्पेस नको, अंडरस्कोर नको. लांबी ६३ पर्यंत चालते पण विंडोजच्या जुन्या पद्धतीत १५ च अक्षरं, म्हणून १५ च्या आतच ठेवा.

मी ‘पीसी१’, ‘पीसी२’ ठेवणार होतो, पोरं म्हणाली नद्यांची ठेवू. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा, बेंबळा. पाचव्या मशीनवर सगळ्यांच्या फाइल जमा होतात, तिचं नाव प्राणहिता, कारण बेंबळा आणि पैनगंगा वर्धेत येतात आणि वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता होते. आणि विंडोजवाल्याचं नाव पूर्णा, ती एकटी उलटीकडं तापीले जाते. हे सातवीतल्या पोरानं सांगितलं, भूगोल त्याचा पक्का आहे.

आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसते: लिनक्समध्ये मराठी नाव पण देता येते! ‘सेट-होस्टनेम’ नंतर दोन मायनस लावून ‘प्रेटी’ लिहा आणि अवतरणात ‘वैनगंगा’, चक्क देवनागरीत. नेटवर्कवर इंग्रजी नावच चालते, हे फक्त माणसांना दाखवायचं नाव आहे, पण होस्टनेमसीटीएल दिल्यावर आपल्या अक्षरात वैनगंगा दिसली तेव्हा पोरं उठून पाहायले आली, मले पण भरून आलं.

विंडोजवर ‘होस्टनेम’ कमांड तशीच चालते. आमचं जुनं नाव होतं डेस्कटॉप, रेघ आणि पुढं सात अगम्य अक्षरं. बदलायले पॉवरशेल (विंडोजची कमांडची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ‘रीनेम-कम्प्युटर’, मग मायनस ‘न्यूनेम’ आणि नाव. इथं मात्र रीस्टार्ट करावंच लागते, त्याशिवाय नवीन नाव लागू होत नाही.

क्लोन केलेलं असेल तर एसएसएचच्या चाव्या पण नवीन करा, ‘ईटीसी’तल्या ‘एसएसएच’ फोल्डरमधल्या ‘एसएसएच अंडरस्कोर होस्ट अंडरस्कोर’नं सुरू होणाऱ्या फाइल डिलीट करून ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर’ द्या, सर्व्हर नवीन चाव्या बनवते. हे नावाइतकंच जरुरी आहे, चाव्या वेगळ्या असत्या तर त्या दिवशी एसएसएचनंच मले अडवलं असतं.

प्रत्येक मॉनिटरवर आता नदीचं नाव चिकटवलं आहे, आणि पॉवरऑफच्या आधी मी प्रत्येक वेळी होस्टनेम देऊन वाचतो, मगच एंटर. ती पोरगी परवा आली होती, फॉर्म वेळेत गेला तिचा. जाता जाता म्हणाली, "दादा, बेंबळा लई हळू चालून रायली." रविवारी तिच्यात रॅम टाकतो.