चार सूर, पाच बटणं

मावसभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्या बॅगेतून एक गिटार निघाली. प्लास्टिकची, बिनतारांची, मानेवर पाच बटणं: हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी. आईने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "वाजते कुठून?"

वाजायची टीव्हीतून. २००५ साली प्लेस्टेशन २ वर आलेला 'गिटार हिरो' हा खेळ. पडद्यावरून रंगीत ठिपके सरकत येतात. त्या रंगाचं बटण दाबायचं आणि नेमक्या क्षणी पट्टी छेडायची. सुरुवातीच्याच गाण्यांत डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' होतं. मूळ ध्वनिमुद्रण नव्हे, दुसऱ्यांनी वाजवलेलं. सोप्या पातळीवर तीनच बटणं लागायची, तरी माझी भंबेरी उडायची.

ठिपका चुकला की गिटार तेवढी गप्प व्हायची. ड्रम्स आणि गायक आपले चालूच. आमटीत मीठ नसलं की मीठ आठवतं ना, तशी ती गिटार मला माझ्या चुकांमुळे ऐकू आली.

गाण्यातली हकिगत खरी आहे. ४ डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमध्ये मॉन्त्रोच्या कॅसिनोत फ्रँक झप्पा या अमेरिकन संगीतकाराचा कार्यक्रम रंगलेला, प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारं पिस्तूल) उडवली आणि कॅसिनो जळून खाक. डीप पर्पल तिथेच रेकॉर्डिंग करणार होते. सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी पाहिला. मग दुसरं थिएटर मिळालं, तर आवाजाने वैतागलेल्या शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले! शेवटी एका रिकाम्या हॉटेलच्या बोळात गाद्या लावून उरलेला अल्बम केला. गाण्यात उपमा नाही, रूपक नाही. गल्लीतल्या काकांनी कट्ट्यावर आगीची बातमी सांगावी तसं, नावानिशी.

एका दुपारी त्या गाण्याची सुरुवातीची चाल ऐकून आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, हे चारच सूर आहेत." पेटी काढून बसली, पांढरी पाचचा सा धरला: सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, म. दोन मध्यम शेजारी आले म्हणून तिला ललित राग आठवला. पण गंधार कोमल, तेव्हा ललित कसला, हेही तिनेच ठरवून टाकलं. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर प्रत्येक सुराला खालचा एक सूर जोडतो, सा बरोबर मंद्र पंचम, ते तिला दोनदा ऐकून सापडलं. मला ते पुढे कित्येक वर्षांनी वाचून कळलं.

मूळ गाणं मी नंतर ऐकलं. गिटार एकटी सुरू होते, मग तीच चाल बँडच्याच जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारा ऑर्गन) उचलतो, इतका खरखरीत की दोघांतलं कोण कुठलं कळत नाही. आमच्या हॉलमध्ये ते काम आईच्या पेटीकडे होतं. मी चुकायचो, गिटार गप्प, आणि भात्याच्या हवेवर चाल पुढे चाललेली.

"टीव्हीत डोळे कशाला घालतोस," ती म्हणायची, "मात्रा मोज."