खळ्यावरचा काळा थर आणि माझी ॲसिडची बाटली

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, २००६ पर्यंत मातीचं होतं. पाऊस गेला की ते उकरायचं, पाणी मारून चोपण्याने चोपायचं, शेणाने सारवायचं आणि वर मांडव घालायचा, असा दरवर्षीचा पंधरा दिवसांचा उद्योग असे. त्या वर्षी आप्पांनी काँक्रीट घालून घेतलं. "एकदाच काय तो खर्च, मग बघायला नको," असं म्हणाले. पुढची अठरा वर्षं आम्ही खरोखरच त्याच्याकडे बघितलं नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आप्पा त्याच खळ्यावर घसरले. मनगट मोडलं. मी पुण्याहून धावत गेलो, दवाखान्याचं सगळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पायरीवर बसलो तेव्हा पहिल्यांदा खळं नीट पाहिलं. पागोळ्या पडतात तिथे हिरवागार, साबणासारखा बुळबुळीत पट्टा. फणसाच्या सावलीत तोच पट्टा काळा झालेला. बाइक उभी असते तिथे ऑइलचा परातीएवढा डाग. लोखंडी पिंपाखाली तांबेऱ्याचं कडं. कोपऱ्यात काजूच्या बिया सोलायच्या जागी कसलेसे काळे शिंतोडे. तुळशीवृंदावनाच्या पायाशी, शेजारच्या एका काकांची कृपा म्हणून, पानाच्या पिंकेचा जुना ठिपका. गणपती ७ सप्टेंबरला होते, म्हणजे हातात तीन आठवडे. मी ठरवलं की मुंबईची मंडळी यायच्या आत खळं पांढरंफेक करायचं.

सुरुवात शेवाळापासून केली. इथे मला एक गोष्ट कळायला उशीर लागला. हिरवं आणि काळं ही दोन वेगळी दुखणी आहेत असं मी समजत होतो. प्रत्यक्षात बहुतेक एकच. ओलं असतं तेव्हा हिरवं दिसतं, वाळलं की काळं पडतं आणि आपल्याला वाटतं, ही धूळ बसली आहे. पावसाचा शिडकावा झाला की ती "धूळ" परत जिवंत होते. नवं काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं की त्यावर शेवाळ सहसा धरत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वरच्या थरातला चुना हळूहळू मारतो, पृष्ठभाग सौम्य होतो, आणि मग ओल व सावली मिळाली की शेवाळाचं फावतं.

घरात ब्लीचिंग पावडरची पिशवी होती, विहिरीत टाकायला आणलेली. आईने तिचं तोंड दोऱ्याने बांधून न्हाणीघरात ठेवलेली. मी मुठीमुठीने ती खळ्यावर फेकली, पाणी मारलं आणि खराट्याने घासलं. दोन तास घासून फक्त माझे खांदे दुखले आणि खळ्यावर पांढरी खळ जमली. पावडरीला वासच नव्हता. ताजी असते तेव्हा नाकाला झोंबते. उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना. मी दोन तास खळ्याला चुना लावत होतो.

संध्याकाळी देवरुखहून नवी पाकिटं आणली. मग माझा धीर सुटला आणि त्याच फेरीत हार्डवेअरच्या दुकानातून संडास साफ करायच्या ॲसिडच्या दोन बाटल्याही घेतल्या. दुकानदार म्हणाला, "एकदम क्लीन होईल साहेब." एकदम क्लीन हा शब्द मला तेव्हा फार आवडला.

रात्री नवी पावडर पागोळ्यांच्या पट्ट्यात भुरभुरवली. सकाळी वरवर पाणी मारलं, आणि थोडं अलीकडे, पायरीजवळ, ॲसिड ओतलं. फसफस आवाज, फेस, आणि खाली काळ्याचं पांढरं होताना दिसत होतं. मी इतका खूश झालो की आईला हाक मारून दाखवलं. खळ्याला उतार आहे हे मात्र विसरलो. ॲसिड ओघळत पागोळ्यांच्या पट्ट्याकडे गेलं, जिथे खोलगट जागेत ब्लीचिंगचा साका तसाच राहिला होता. पुढचं काही सेकंदांत झालं. विहिरीत पावडर टाकल्यावर येतो तो वास, पण शंभरपट. घसा आवळला, डोळ्यांतून पाणी, खोकल्याची ढास थांबेना. आई ओरडली, "वाऱ्याच्या अंगाला ये, वाऱ्याच्या!" मी धडपडत माडांकडे पळालो. उघड्यावर होतो आणि वारा होता म्हणून निभावलं. न्हाणीघरात बंद दाराआड हाच खेळ केला असता तर हे लिहायला बसलो नसतो. या दोन वस्तू एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो. शाळेत शिकलो होतो, आणि त्या विषयात मला मार्कही चांगले होते.

दुपारी खळं ज्यांनी घातलं होतं ते गवंडीकाका आप्पांना बघायला आले. पायरीजवळ उकिडवे बसले, पांढऱ्या झालेल्या जागेवर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली वाळू मला दाखवली.

"अरे, हे साफ नाही केलंस. याची कातडी काढलीस."

"काका, पण डाग तर गेला."

"डाग ज्याच्यावर होता तेच गेलं, मग डाग कुठे राहतोय?"

त्यांनी समजावलं ते असं. काँक्रीट घोटताना वर सिमेंटची साय येते, ती थापीने बसवून गुळगुळीत करतात. पाणी, माती आत शिरू नये म्हणून तेवढंच काय ते कवच. ॲसिड डाग आणि सिमेंट यांत फरक करत नाही. सिमेंटमधला चुना खातं, फसफसतं ते त्यामुळेच, आणि वाळूचे कण उघडे पडतात. खरबरीत झालेल्या जागी पुढच्या पावसात शेवाळाला धरायला आणखी सोपं. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. आज सगळ्यांत आधी हिरवी होते ती तेवढीच चौकट. ॲसिडचं पाणी वाहत गेलं त्या वाटेवरचा अळूचा वाफाही करपला. आईने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, पण गणपतीत ऋषीच्या भाजीला अळू शेजारून आणावं लागलं, तेव्हा माझ्याकडे बघितलं.

मग गवंडीकाकांच्या सांगण्यावरून शेवाळाचं काम पुन्हा केलं. आधी पाणी न मारता, पावसाची उघडीप बघून, फावड्याने शेवाळाची जाड साय खरवडली. निम्मं काम तिथेच झालं. बादलीभर पाण्यात ताज्या पावडरीच्या दोन मुठी ढवळून ठेवल्या, साका खाली बसू दिला आणि वरचं निवळ तेवढं झारीने शिंपडलं. हे संध्याकाळी केलं, कारण उन्हात ते पाणी लवकर वाळतं आणि त्याचा जोरही उतरतो. वीसेक मिनिटं जागा ओली ठेवली, मग घासलं आणि भरपूर पाण्याने धुतलं. यावेळी धुवायच्या आधी खालच्या वाफ्यांना भिजेपर्यंत साधं पाणी दिलं आणि उताराच्या तोंडाशी मातीचा बांध घालून पाणी गटाराकडे वळवलं. तीन संध्याकाळी लागल्या. हिरवा पट्टा गेला. खळं पांढरंफेक झालं नाही, राखाडी झालं, आणि आप्पा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून त्यावरून चालले तेव्हा ते राखाडीही चांगलं दिसलं.

उत्साहात एक चूक आणखी झाली होती. घासायला मी तारेचा ब्रश वापरला होता. विसर्जनानंतर दोन-चार सरी पडल्या आणि खळ्यावर देवी आल्यासारखे तांबूस ठिपके उठले. ब्रशच्या तारांचे तुकडे काँक्रीटच्या छिद्रांत राहिले होते आणि गंजत होते. नायलॉनचा कडक ब्रश किंवा आपला माडाच्या हिरांचा खराटाच बरा.

दिवाळीत परत गेलो तो बाकीच्या डागांसाठी. आता घाई नव्हती. तांबेऱ्यावर उपाय आईनेच काढला. परसात बिलिंबीचं, म्हणजे छोट्या आंबट फळांचं, झाड आहे. आई तिने तांब्याची भांडी घासते. तिच्यात ऑक्झॅलिक ॲसिड भरपूर असतं, आणि गंज विरघळवायला तेच लागतं. लादीला पॉलिश करणारे जी पांढरी पावडर वापरतात तीही हीच. ठेचलेली बिलिंबी ठिपक्यांवर थापून तासभर ठेवली, घासली, धुतली. बारीक ठिपके बहुतेक गेले. पिंपाखालचं जाड कडं मात्र बिलिंबीला दाद देईना, तेव्हा पॉलिशवाल्याकडून पावडर आणली, हातमोजे घातले आणि दोनदा लेप दिला. ही पावडर पोटात गेली तर विषारी आहे, म्हणून तेवढा वेळ कुत्र्याला बांधून ठेवलं आणि कोंबड्या खुराड्यात. कडं फिकट पिवळं होऊन राहिलं. पिंप आता जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर ठेवलं आहे.

ऑइलच्या डागाने सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला. काँक्रीट दिसायला दगड असलं तरी आतून स्पंजासारखं असतं, बारीक छिद्रांनी भरलेलं. ताजं सांडलेलं ऑइल भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपता येतं. आमचं तर वर्षानुवर्षं मुरलेलं. वरून घासून फक्त वरचं निघतं आणि दोन दिवसांनी आतलं परत वर येतं. म्हणून लेप लावायचा, गळवावर पोटीस बांधतात तसा. न्हाणीच्या चुलीतली राख चाळून घेतली, तिच्यात धुण्याचा सोडा आणि थोडी कपड्यांची पावडर घालून गरम पाण्यात घट्ट लापशी केली. ती डागावर बोटभर जाड थापून वर प्लॅस्टिक टाकलं. रात्रभराने प्लॅस्टिक काढलं आणि लेप उन्हात खडखडीत वाळू दिला. वाळताना तो आतलं तेल ओढून घेतो, गंमत आहे ती इथेच. खरवडून काढला तेव्हा खालची बाजू चहाच्या रंगाची झाली होती. असं पाच वेळा केलं. डागाची कड आजही दिसते, पण पायाला तेल लागत नाही.

मध्येच चुलतभावाने गाड्या धुवायचं प्रेशर मशीन आणलं. "एका तासात होईल रे, तू काय लेप लावत बसलायस," म्हणाला. बारीक धारेचं तोंड लावून त्याने ते जमिनीपासून वीतभर अंतरावर धरलं. खळ्यावर त्याची सही उमटली, नागमोडी, कायमची. नंतर पसरट धारेचं तोंड लावून हातभर लांबून मारलं तेव्हा सुटी माती छान निघाली. मशीन वाईट नाही, पण अठरा वर्षांच्या कोब्यावर जपून चालवावं.

पानाची पिंक ब्लीचिंगच्या निवळाने फिकी झाली. फणसाची कुजकी पानं पडून जे पानांच्या आकाराचे तपकिरी ठसे उमटले होते, ते मी काही केलं नाही तरी हिवाळ्याच्या उन्हाने आपोआप उडाले. काजूच्या टरफलातल्या तेलाचे शिंतोडे मात्र जसेच्या तसे आहेत. ज्या तेलाने सोलणाऱ्यांच्या हातांची सालं निघतात, ते खळं सोडेल अशी आशा मी सोडली आहे. धुणं झाल्यावर काही ठिकाणी पांढरी भुकटी वर आली, त्याला लोणा म्हणतात. ओलीवर ओल मारत राहिलो म्हणून आतले क्षार वर आले होते. ती पाण्याने धुवायची नाही, कोरड्या खराट्याने झाडायची, असं गवंडीकाकांनी बजावलं.

शेवाळ परत येऊ नये म्हणून काय, तर काहीच रासायनिक नाही. फणसाच्या दोन फांद्या उतरवल्या, त्यामुळे दहा वाजताचं ऊन खळ्यावर येऊ लागलं. पागोळ्यांखाली पन्हळ लावून पाणी थेट पोफळींना सोडलं. एवढा खर्च आधी केला असता तर आप्पांचं मनगट वाचलं असतं, हे मी त्यांच्यासमोर बोललो. ते म्हणाले, "आणि अळूसुद्धा."

२०२५ च्या मे महिन्यात आईने खळ्यावर कोकमं वाळत घातली. मी ताडपत्री आणून दिली होती. ती तिने काजूवर झाकली. त्या वर्षी पाऊस मे सरायच्या आतच कोकणात आला. रात्री अकराला विजा चमकायला लागल्या तेव्हा आम्ही तिघांनी धावपळ करून कोकमं सुपांत भरली, तोवर निम्मी भिजली होती. सकाळी बघतो तर मधोमध घासून काढलेल्या जागेवर मोठा गुलाबी-लाल पट्टा. मी बादली शोधायला वळलो, तोवर आप्पा मागच्या दाराने माडाची झापं ओढत आले आणि पायरीपासून बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, एकेक अंथरू लागले, गावात दर पावसाळ्यात अंथरतात तशी.