ग्रे, हार्डी, लार्किन आणि चर्चबाहेरची माती

मंगळवार

अठराव्या शतकातल्या थॉमस ग्रे या इंग्लिश कवीची 'एलिजी', म्हणजे खेड्यातल्या चर्चच्या आवारात लिहिलेली शोककविता, आज एका बैठकीत पुन्हा वाचली. चार-चार ओळींची 32 कडवी, एकूण 128 ओळी. घाई न करता मोठ्याने वाचली तरी आठ-दहा मिनिटांत होते. आपल्याकडे बहुतेकांना ही कविता दोन-तीन सुभाषितवजा ओळींपुरतीच माहीत असते: वैभवाच्या साऱ्या वाटा थडग्यापाशी संपतात, किती फुलं रानात कुणाच्या नजरेस न पडताच उमलून जातात, वगैरे. त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या की कविता वाचून झाली असं वाटतं. खरी गंमत त्यांच्या आजूबाजूला आहे.

सुरुवातच पाहा. पहिल्या कडव्यात संध्याकाळची घंटा, परतणारी गुरं, दमून घरी निघालेला नांगऱ्या, आणि चौथ्या ओळीत उरतात ते फक्त अंधार आणि 'मी'. दुसऱ्या कडव्यात दिसणं मावळतं आणि ऐकणं सुरू होतं: भुंगेऱ्याची घूंऽ, लांबच्या मेंढवाड्यातली पेंगुळलेली किणकिण. तिसऱ्यात वेलींनी वेढलेल्या मनोऱ्यातलं घुबड चंद्राकडे गाऱ्हाणं मांडतं. चौथ्या कडव्यात आपण थेट मातीत उतरतो, कारण आता पाहण्यासारखं काही उरलेलंच नाही. मृत्यूवर चिंतन करायला बसलेला कवी आधी बारा ओळी नुसता उजेड कमी करत नेतो. ही कारागिरी लक्षात आली नाही तर पुढचं सगळं प्रवचन वाटतं.

इंग्लंडमधल्या खेड्यातलं चर्चचं आवार डोळ्यांसमोर असेल तर वाचन बरंच सोपं जातं. चर्च पूर्व-पश्चिम बांधलेलं, वेदी पूर्वेला. भोवतीच्या थडग्यांत डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. न्यायाच्या दिवशी मृत उठून बसतील तेव्हा त्यांचं तोंड उगवतीकडे असावं, हा हिशेब. श्रीमंतांना जागा आत, फरशीखाली, जमेल तितकी वेदीजवळ. गरिबांना बाहेर, गवताखाली, आणि पुष्कळांच्या वाट्याला दगडही नाही, नुसता मातीचा उंचवटा. तो काही वर्षांत खचतो, मग त्याच जागी दुसरा माणूस. शतकानुशतकं असं चालल्यावर आवाराची जमीन वर येते, आणि जुन्या चर्चच्या भिंती मातीत रुतल्यासारख्या दिसतात. ग्रे गवताखालच्या ढिगांचं वर्णन करतो ते हे. त्यात अलंकार कमी आणि निरीक्षण जास्त आहे.

झाडं दोन. यू नावाचं सदाहरित झाड, ज्याची एक बहीण आपल्या हिमालयातही आहे. बीभोवतीचा लाल गर सोडला तर पान, साल, बी सगळं विषारी. दुसरं एल्म. ग्रेने पाहिलेले ते खडबडीत एल्म आज शोधू नयेत. बुरशीच्या साथीत 1970 च्या दशकात इंग्लंडमधले कोट्यवधी एल्म वाळून गेले. यू मात्र हजार वर्षं सहज काढतो.

बुधवार, उशिरा

आता श्रद्धेचं. चौथ्या कडव्यात ग्रे म्हणतो की गावचे पूर्वज आपापल्या अरुंद खोलीत 'कायमचे' ठेवलेले आहेत. ख्रिस्ती आवारात उभं राहून 'कायमचे'? त्या आवाराची सगळी आखणी मुळात 'कायमचे नाही' या विश्वासावर झालेली आहे. पुढच्याच कडव्यात पहाटेची झुळूक, कोंबड्याची बांग, शिंगाचा आवाज येतो, आणि यातलं काहीच त्यांना आता उठवणार नाही असं तो सांगतो. कुठलाही पाद्री इथे न्यायाच्या दिवशी मृतांना उठवणाऱ्या शेवटच्या तुतारीची आठवण करून देईल. ग्रे देत नाही. दगडांवर कोरलेली पवित्र वचनं येतात, पण तीही गावकऱ्याला मरायला शिकवतात. पुन्हा उठण्याबद्दल कविता गप्प.

आणखी एक. या कवितेत जिवंत माणूस चर्चच्या आत जातच नाही. आतलं संगीत एकदाच ऐकू येतं, दहाव्या कडव्यात, आणि तेही श्रीमंतांच्या स्मारकांच्या संदर्भात. शेवटाकडे एक पांढऱ्या केसांचा गावकरी कवीबद्दल सांगतो: तो पहाटे दव तुडवत टेकडीवर जायचा, दुपारी बीचच्या झाडाखाली ओढ्याकाठी पडून असायचा, रानाच्या कडेने पुटपुटत भटकायचा. रविवारी प्रार्थनेला यायचा, असं चुकूनही नाही. तो चर्चच्या वाटेवर दिसतो तो एकदाच, चौघांच्या खांद्यावरून. मग गावकरी म्हणतो, पुढे हो आणि दगडावरचं वाच, तुला वाचता येतं ना. कंसातल्या या चार शब्दांत त्याला स्वतःला अक्षरओळख नाही हे कळतं, आणि सबंध कवितेत निरक्षरांबद्दल जे काही म्हटलंय ते एकदम जिवंत होतं. मला ही ओळ कवितेतली सर्वांत चांगली वाटते. पाठ्यपुस्तकांत तिच्यावर प्रश्न येत नाही, हे एक बरंच.

हस्तलिखिताची गोष्ट इथेच नोंदवून ठेवायला हवी. ईटन कॉलेजात जो जुना खर्डा आहे त्यात कविता फार लवकर संपते. बाविसाव्या कडव्यापर्यंत येते आणि तिथे आवारातली पवित्र शांतता जमिनीतून कुजबुजत चिरशांतीची हमी देते. ठीकठाक, श्रद्धाळू शेवट. ग्रेने तो काढून टाकला, आणि त्याऐवजी आला तो गावकरी, ती अंत्ययात्रा आणि तीन कडव्यांचा मृत्युलेख. त्या लेखात देव येतो, पण शेवटून दुसऱ्या ओळीत आशेला विशेषण लागतं 'थरथरती'. म्हणजे पहिल्या खर्ड्यात हमी होती, छापील कवितेत थरथरती आशा आहे. माणसाची श्रद्धा कुठे हलली ते इतक्या नेमक्या जागी दाखवता येईल अशी उदाहरणं थोडी.

त्याच खर्ड्यात, छापील कवितेत येणाऱ्या हॅम्डेन, मिल्टन आणि क्रॉमवेल यांच्या जागी केटो, सिसेरो आणि सीझर होते. रोमन नावं काढून इंग्लिश घातली हे योग्यच झालं. बकिंगहॅमशायरच्या, म्हणजे ग्रेच्या या आवाराच्या परगण्याच्या, मातीत सीझर उपरा वाटला असता.

गुरुवार

छंदाबद्दल थोडंसंच. प्रत्येक ओळीत दहा अवयव (सिलॅबल), पाच आघात, यमक एक सोडून एक. जवळजवळ प्रत्येक कडवं पूर्णविरामाने बंद होतं, त्यामुळे प्रत्येक चार ओळी एका दगडावर मावतील अशा वाटतात. चूक होते ती वाचताना: आघातावर ठेका धरला की शाळेतलं पाठांतर होतं. चौथ्या ओळीनंतर थांबावं, मधल्या ओळींत नाही.

नवव्या कडव्यात एक खाच आहे. कुळाचा गर्व, सत्तेचा थाट, रूप आणि संपत्ती हे सगळे अटळ घटकेची वाट पाहतात, असं बहुतेक जण वाचतात. ग्रेचं क्रियापद एकवचनी आहे. वाट पाहणारी आहे ती घटका, आणि ही मंडळी तिचं लक्ष्य. अर्थ कितीतरी जास्त भीतिदायक होतो. नंतरच्या पुष्कळ प्रतींत कुणीतरी 'सुधारून' अनेकवचन केलेलं सापडतं, त्यामुळे हातातली प्रत आधी तपासावी.

कविता 15 फेब्रुवारी 1751 ला डॉड्स्ली या प्रकाशकाने छापली, किंमत सहा पेन्स, कवीचं नाव न घालता. एका मासिकाच्या हाती ती लागली होती आणि ते छापणार होतं, म्हणून ही धावपळ. दोन वर्षांनी ग्रेची आई गेली. तिच्या बारा लेकरांतला हा एकटाच जगला होता, आणि तिच्या दगडावर त्याने तेच लिहिलं: अनेक मुलांची आई, त्यातल्या एकाच्याच नशिबी तिच्यामागे उरण्याचं दुर्भाग्य आलं. 1771 मध्ये बकिंगहॅमशायरमधल्या स्टोक पोजेस गावी त्याच थडग्यात त्यालाही ठेवलं. त्या दगडावर त्याचं नाव नाही. तो इथे आहे हे सांगणारी पाटी समोर चर्चच्या भिंतीवर आहे.

शुक्रवार

ग्रेनंतर सरळ थॉमस हार्डी हा इंग्लिश कादंबरीकार आणि कवी घ्यावा. 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' हे 1874 च्या कादंबरीचं नाव त्याने 'एलिजी'तूनच उचललं, पण उसनवारी त्याहून खोल आहे. फरक इतकाच, की ग्रेने आवार कडेला उभं राहून पाहिलं आणि हार्डीने ते उपसताना पाहिलं. 1860 च्या दशकात तो लंडनला आर्थर ब्लोमफील्ड या वास्तुविशारदाकडे सहायक म्हणून काम करत होता, आणि रेल्वेमार्गासाठी सेंट पँक्रसचं जुनं दफनस्थान हलवताना देखरेखीचं काम त्याच्याकडे आलं. काम रात्री, फळ्यांच्या आडोशाला, दिव्यांच्या उजेडात. एक शवपेटी फुटली तेव्हा आत एक सांगाडा निघाला आणि दोन कवट्या.

हे माहीत असलं की 'द लेव्हल्ड चर्चयार्ड' मधला विनोद कुठून आला ते कळतं. तिथे सपाटीकरणात कालवले गेलेले मृत तक्रार करतात: आमचा माणसांचा मुरंबा झालाय, यातला मी नेमका कोणता तेच कळेना. शेवटी प्रार्थनेच्याच चालीवर मागणं, की हे प्रभू, तुझं मंदिर दुरुस्त करणाऱ्यांपासून आम्हाला वाचव, आमेन. हार्डीला देवावर विश्वास ठेवता येत नव्हता, पण प्रार्थनेच्या चाली त्याच्या कानातून कधी गेल्या नाहीत.

1922 च्या संग्रहातली 'व्हॉइसेस फ्रॉम थिंग्ज ग्रोइंग इन अ चर्चयार्ड' मात्र वेगळ्याच पायरीवर आहे. इथे पुनरुत्थानाची जागा वनस्पतीने घेतली आहे. फॅनी हर्ड आता फुलं झाली आहे. बाउरिंग नावाचा ब्रह्मचारी सद्गृहस्थ ओकच्या पेटीत होता, त्यामुळे भिंतीवरचं हिरवं पान व्हायला त्याला शंभराहून जास्त वर्षं लागली. टॉमस व्हॉस शेवाळाखालून सरकत सरकत यूमध्ये शिरला आणि तिथली लाल फळं झाला. जगण्याला कंटाळून गेलेला जमीनदार आयव्हीची वेल होऊन पुन्हा वर चढतो आहे. प्रत्येकजण वाचणाऱ्याला अदबीने 'महोदय किंवा महोदया' म्हणतो, जणू अर्जच लिहितोय. पालुपद दिवसा आनंदाचं, रात्री अंगावर काटा आणणारं. निसर्गात विलीन होण्याच्या कविता ढीगभर आहेत. त्यात लाकूड किती जाड होतं आणि वेळ किती लागला याचा हिशेब कुणी ठेवत नाही, हार्डी ठेवतो. म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो.

'द ऑक्सन' ही त्याची छोटी कविता 24 डिसेंबर 1915 ला 'टाइम्स'मध्ये आली. नाताळच्या मध्यरात्री गोठ्यातले बैल गुडघे टेकतात हा गावाकडचा समज. कुणी म्हणालं चल बघायला, तर मी अंधारात जाईन, तसं असेल या आशेने. ग्रेची थरथरती आशा हीच, दीडशेहून जास्त वर्षांनी आणि युद्धाच्या वर्षात.

त्याच्या स्वतःच्या मृत्यूचं काय झालं, ते त्याने लिहिलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं. इच्छा स्टिन्सफर्ड या गावी घरच्यांशेजारी निजायची. मोठ्या लोकांचा आग्रह वेस्टमिन्स्टर ॲबीचा. जानेवारी 1928 मध्ये तडजोड झाली. राख ॲबीत, हृदय गावच्या आवारात. ते हृदय मांजराने पळवलं ही अफवा तेव्हापासून चालू आहे. तिला आधार काही नाही, पण ती हार्डीच्याच शैलीतली आहे.

रविवार

तिसरा फिलिप लार्किन, विसाव्या शतकातला इंग्लिश कवी. 'चर्च गोइंग', 1954 ची, नऊ ओळींची सात कडवी. हा गडी एकदाचा आत जातो, पण आत काही चालू नसल्याची खात्री करूनच. डोक्यावर टोपी नाही, म्हणून आदर दाखवायला सायकलवर पँट अडकू नये म्हणून लावलेले चिमटे काढतो. वाचनपीठावर चढून काही वचनं चाळतो, 'इथे संपलं' म्हणतो आणि आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघतो. पेटीत आयर्लंडचं नाणं टाकतो. पहिली दोन कडवी ही अशी थट्टेची, आणि अनेक वाचक तिथेच फसतात. सगळी कविता त्याच सुरात वाचतात. तिसऱ्या कडव्यापासून वाक्यं लांबत जातात. तिथे वेग कमी करायला हवा.

प्रश्न त्याने नेमका विचारला आहे. श्रद्धा गेली, मग अंधश्रद्धा गेली, आणि शेवटी अश्रद्धाही गेली, तर काय उरेल? उत्तरात गवत, तण उगवलेली फरशी, काटेरी झुडपं, भिंतीचा आधारखांब, आभाळ. नंतर शेवटच्या कडव्यात तो म्हणतो की कुणाला ना कुणाला स्वतःतली गंभीर होण्याची भूक सापडेलच, आणि ती घेऊन तो या जागेकडे येईल, दुसरं काही नाही तरी इतके मेलेले लोक भोवती आहेत म्हणून. हे कारण लंगडं आहे असं म्हणणारे टीकाकार आहेत. मला वाटतं ते मुद्दाम तेवढंच ठेवलं आहे. देवाला मधे न घेता जागेला जेवढं वजन देता येईल तेवढंच त्याने दिलं, आणि ते वजन बाहेरच्या गवतातून आणलं, आतल्या वेदीवरून नाही. ग्रेने उजेड घालवत घालवत जिथे आणून सोडलं होतं तीच ही माती. फक्त लार्किन तिथे दिवसाउजेडी, सायकलवरून आला.