गव्हाणीतला कडबा
मिरजेत शेजारच्या काकूंकडे नाताळला गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा मांडतात, यंदा कडबा आमच्या गोठ्यातला नेला म्हणून मी पण बसलो मदतीला. गोष्ट मला अर्धीच माहीत होती, म्हणजे रोमी बादशहाची नावनोंदणी निघाली म्हणून योसेफ गरोदर मरीयेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला गेला, उतारशाळेत जागा नाही, मग बाळ येशूला ठेवलं गव्हाणीत, हे बायबलातल्या लूकच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात आहे. बातमी पहिल्यांदा कळली ती रात्री मेंढरं राखणाऱ्यांना, म्हणजे आपले धनगरच की! मागी लोकांचं, म्हणजे पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांचं, बायबलातलाच मत्तय सांगतो, पण ते तीन होते असं कुठंच लिहिलेलं नाही, भेटी तीन, सोनं ऊद गंधरस. देखाव्यात ह्या मागींना तीन राजे म्हणून मांडतात, काकूंचा त्यातला एक राजा मागच्या वर्षी फुटलाय. म्हटलं, दोन पण चालतील की. काकू म्हणाल्या, गप, फेविक्विक आण.