मेलबर्नला मृगाचं शीर्षासन

मेलबर्नला उतरल्यापासून दिशांचा घोळ चालूच होता. सूर्य उगवतो पूर्वेलाच, पण दुपारी उत्तरेकडे जातो, त्यामुळे ताईच्या घरात मी रोज चुकीच्या खिडकीत ऊन शोधायचो. फेब्रुवारीतल्या एका अमावास्येच्या आसपास, रात्री दहाला, भाचीला घेऊन सेंट किल्डाच्या किनाऱ्यावर गेलो. शहराचा उजेड भरपूर, आकाशगंगेची आशा नव्हतीच.

सवयीने मृग, म्हणजे आकाशातलं हरीण, शोधला. सापडला, पण उत्तरेला आणि चक्क उलटा! डोकं क्षितिजाकडे, त्याच्या ठळक ताऱ्यांपैकी राजन्य वर, काक्षी खाली. मृगाचा शिकारी, व्याध तारा, त्याच्याही वर, उजवीकडे. पुण्यात हा खालून बाण मारतो, इथे माळ्यावर चढून नेम धरल्यासारखा.

"मामा, हे तर सॉसपॅन आहे," भाची म्हणाली. इथली मुलं तेच म्हणतात. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे म्हणजे तळ, वरच्या फिक्या ताऱ्यांची रांग म्हणजे दांडा. एकदा तसं दिसलं की हरीण काही केल्या दिसेना.

मग मान मागे टाकली तर जवळजवळ डोक्यावर अगस्तीचा तारा. पुण्यातून हा दक्षिणेला जेमतेम 19 अंश वर येतो, समोर चार मजली इमारत असली की संपलं. मेलबर्न 38 अंश दक्षिण अक्षांशावर, त्यामुळे इथे तो मावळतच नाही, कधीतरी फक्त क्षितिजाला टेकतो. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेले ऋषी परतले नाहीत म्हणतात. इथलं त्यांचं बस्तान बघून खरं वाटलं.

आग्नेयेला क्रॉसच्या आकाराचा त्रिशंकू तारकासमूह आडवा पडला होता, त्याच्याखाली मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. मित्र म्हणजे सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्यांचं कुटुंब, सुमारे 4.4 प्रकाशवर्षांवरचं. ध्रुव मात्र इथे नाहीच. त्रिशंकूची लांब बाजू साडेचार पट पुढे न्यायची, तिथे दक्षिण ध्रुवबिंदू, इथलं आकाश ज्याभोवती फिरतं तो. मी मुठीने मोजत मोजत पोचलो, तर तिथे नुसता काळोख. साध्या डोळ्यांना भरवशाचा एकही तारा नाही!

"पण हरीण कुठंय?" भाचीने विचारलं.

मी उत्तरेकडे पाठ केली, पाय फाकवले आणि वाकून दोन पायांमधून बघितलं. मृग सरळ झाला. मग तीही वाकली. मागून फिरायला आलेलं एक जोडपं थबकलं आणि जरा लांबून वळसा घालून गेलं.