चाच्याचा पश्चात्ताप आणि मावशीचा प्रश्न

गेली दोन वर्षे मी एक कादंबरी लिहीत आहे. ती ख्रिस्ती श्रद्धेची प्रेमकथा आहे, तिचा काळ १७१७ ते १७२० असा आहे आणि तिचा बराचसा भाग सुरत, वसई व मुंबई यांच्यामधल्या समुद्रावर घडतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहून चाच्यांची गोष्ट कशाला लिहायची, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. कारण घरातलेच आहे. माझ्या आजीला बायबलमधले एकशे सातवे स्तोत्र तोंडपाठ होते. जहाजांतून महासागरावर उदीम करणारे, लाटेबरोबर आकाशापर्यंत चढून पुन्हा तळाशी जाणारे आणि अखेर परमेश्वराने इच्छित बंदराला पोहोचवलेले ते लोक, हे सारे ती ऐन मे महिन्यात वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारताना म्हणत असे. तिने समुद्र कधीच पाहिला नाही. मी पाहिला तो चौतिसाव्या वर्षी, अलिबागला, ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे चालत जाताना.

तेथेच मला कथेची पहिली अडचण कळली. इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजी आंग्रे हे चाचे आहेत. आपल्याकडे ते सरखेल, म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख आहेत. आंग्रे हे आडनाव ग्वाल्हेरकरांना शिंद्यांच्या दरबारातले सरदार म्हणून परिचयाचे, त्यामुळे त्या घराण्याला चाचे म्हणणे आमच्या कानांना रुचत नाही. कान्होजी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून दस्तकाची, म्हणजे आपल्या परवान्याची, अपेक्षा करीत आणि दस्तक नसलेले जहाज पकडीत. युरोपातले राजेही युद्धकाळात आपल्या खलाशांना शत्रूची जहाजे लुटण्याचे परवाने देत असत, आणि त्या परवान्याच्या बळावर लुटणाऱ्याला कोणी चाचा म्हणत नसे. १७१२ साली आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची नौका धरली; त्या झटापटीत पती गमावलेली एक तरुण इंग्रज स्त्री पुढच्या वर्षी ३०,००० रुपये खंडणी भरल्यावर सुटली. हा प्रसंग माझ्या कादंबरीत नाही, पण नायिकेच्या लहानपणी वसईच्या घरोघरी त्याची चर्चा झाली असेल, असे धरून मी तो तिच्या आठवणीत ठेवला आहे.

माझा नायक मात्र परवाना नसलेला, खराच चाचा आहे. मादागास्करच्या बाजूने येऊन त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी सुरतेहून येमेनमधल्या मोखा बंदराला निघालेले एक जहाज लुटले. सप्टेंबर १७१७ मध्ये इंग्लंडच्या राजाने चाच्यांसाठी माफीचा जाहीरनामा काढला, तेव्हा वर्षाच्या मुदतीत शरण आलेल्यांना मागच्या गुन्ह्यांची क्षमा मिळणार होती. नायक ती माफी घेतो, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चाकरीला लागतो आणि १७१८ च्या नाताळाच्या दिवशी मुंबईच्या कोटातले नवे चर्च उपासनेसाठी उघडते तेव्हा दाराशी उभा असतो. आज आपण त्याच चर्चला सेंट थॉमस कॅथेड्रल म्हणतो. पहिल्या खर्ड्यात कथा येथून सरळ लग्नाकडे जात होती.

या प्रकारच्या कादंबऱ्या मी मनापासून वाचते, आणि त्यांतल्या अनेकींमध्ये हीच घाई मला दिसते. एका रात्रीत वादळ येते, डोलकाठी मोडते, चाचा गुडघे टेकतो आणि सकाळी तो नायिकेच्या योग्यतेचा झालेला असतो. वादळात प्रार्थना सुचणे स्वाभाविकच आहे. बायबलमधली प्रेषित पौलाच्या जहाजावरच्या २७६ जणांची कथा वाचताना, चार नांगर टाकून उजाडण्याची वाट पाहणाऱ्या त्या खलाशांबरोबर माझाही श्वास अडतो. परंतु प्रार्थना आणि पालट यांत फार अंतर असते. 'अमेझिंग ग्रेस' हे गीत पुढे लिहिणारा इंग्रज खलाशी जॉन न्यूटन १७४८ च्या मार्चमध्ये अटलांटिकवरच्या वादळात देवाकडे वळला, आणि तरीही १७५४ पर्यंत गुलामांच्या व्यापाराच्या जहाजांवर राहिला, त्यांतल्या काहींचा तो स्वतः कप्तान होता. त्या व्यापाराविरुद्धची त्याची पुस्तिका आली १७८८ साली, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. चाच्यांच्या जगातही धर्म आणि लूट शेजारी शेजारी नांदत. त्याच काळातला चाचा बार्थोलोम्यू रॉबर्ट्स याच्या जहाजावरच्या नियमांच्या कलमांत वादकांना शब्बाथाची विश्रांती लिहून दिलेली होती, आणि बाकीचे दिवस लुटीचे होते.

हे सगळे मला माहीत होते, तरी कथेत उतरले नव्हते. मावशीने ती प्रकरणे वाचली, वही मिटली आणि विचारले, "राजाने त्याला माफ केलं, देवानंही केलं, हिनंही केलं. पण ज्या जहाजाला त्यानं लुटलं, त्यावरच्या खलाशाची बायको कुठं आहे गं? तिला कुणी विचारलं का?"

मी त्या रात्री बायबलमधले लूकचे शुभवर्तमान उघडले. जकातदार जक्कय प्रभूला आपल्या घरी घेतो आणि उभा राहून सांगतो की अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करीन. तो केवळ रडत नाही, हिशेब मांडतो. त्यानंतर कादंबरीचा दुसरा अर्धा भाग मी मोडला. आता नायक आपल्या वाट्याला आलेल्या लुटीचा चौपट आकडा काढतो, आणि तो भरायला कंपनीचा पगार अनेक वर्षे पुरणार नाही हे त्याला दिसते. नायिका त्याच्यावर प्रेम करते, परंतु लुटल्या गेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला नाही हे ती ओळखते. ज्येष्ठात गलबते किनाऱ्यावर ओढली जातात, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात उतरतात, आणि असे दोन पावसाळे ती वसईला थांबते. प्रेमकथेला ही दिरंगाई मानवेल का, अशी भीती मला होती. उलट त्या दोन पावसाळ्यांची प्रकरणेच मला सगळ्यांत जिवंत वाटतात.

सध्या मी सुरतेच्या प्रसंगावर अडले आहे. नायक पहिला हप्ता घेऊन, मावशीने विचारलेल्या त्या खलाशाच्या विधवेच्या दाराशी जातो. आधीच्या खर्ड्यात ती रडून त्याला आशीर्वाद देत होती. ते मी खोडले. आता ती पैसे मोजून घेते, पदराला गाठ मारते आणि पुढचा हप्ता कधी, एवढेच विचारून दार लावते. भरतीची वेळ झालेली आहे, होडीवाला तांडेल खालून हाका मारतो आहे, आणि नायक त्या बंद दारासमोर अजून उभा आहे.