खिशातून काढलं की लगेच चालू व्हायला हवं

सतत फिरतीवर असणाऱ्याने कुठलं डिव्हाइस घ्यावं असं कोणी विचारलं की मी रॅम, कॅमेरा वगैरे भानगडीत पडतच नाही, मी एकच बघतो, खिशातून काढल्यापासून पहिला शब्द लिहीपर्यंत किती वेळ जातो. कारण लिफ्टमधून बाहेर पडता पडता क्लायंट डिलिव्हरीची तारीख सांगून मोकळा होतो, आपल्या एका हातात बॅग, आणि तेवढ्यात टिपलं नाही तर गेलं.

आणि या बाबतीत १९९६ चा पाम पायलट, म्हणजे खिशात मावणारी इलेक्ट्रॉनिक डायरी, आजच्या फोनला भारी पडतो, हसू नका! त्याच्या खालच्या बाजूला कॅलेंडर, पत्ते, कामांची यादी आणि मेमो म्हणजे टिपणं अशी चार बटणं होती आणि बंद असलेल्या मशीनवर मेमोचं बटण दाबलं की ते चालू होऊन थेट मेमोच उघडायचा. बूट होणं नाही, लॉक नाही, काही नाही. मेमरी फक्त १२८ केबी, स्क्रीन काळीपांढरी, पण दोन बारीक पेन्सिल सेलवर आठवडेच्या आठवडे चालायचं. ते बनवायच्या आधी पाम कंपनीचा संस्थापक जेफ हॉकिन्स त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरायचा आणि मीटिंगमध्ये तो काढून त्यात कॅलेंडर बघितल्याचं नाटक करायचा, लोकांना वेडेपणा वाटला असेल पण खिशात काय मावतं हे त्यालाच नीट कळलं.

अ‍ॅपलचं न्यूटन नावाचं असंच मशीन त्याआधी, १९९३ ला आलं होतं, पण ते साध्या खिशात मावायचं नाही आणि स्क्रीनवर पेनने लिहिलेलं आपलं अक्षर ओळखण्यात सुरुवातीला इतकं चुकायचं की लोकांनी चेष्टा केली. पामने उलटं केलं, मशीनला माणसाचं अक्षर शिकवत बसण्यापेक्षा माणसालाच ग्रॅफिटी नावाची सोपी लिपी शिकवली. त्यात इंग्रजी ए काढताना मधली आडवी रेघ द्यायचीच नाही, खालून वर, वरून खाली, एका फटक्यात झाला ए. हात बसला की चुका फार होत नसत.

मग १९९९ ला ब्लॅकबेरी ८५० आलं, ईमेल आपोआप खिशात येऊन पडायला लागली आणि दोन अंगठ्यांनी टाइप करायची सवय लागली. ते कीबोर्ड आजही मिस करणारे लोक आहेत आणि मला त्यांचं पटतं, कारण बटणाचा उंचवटा बोटाला कळतो, काचेवर बघितल्याशिवाय काही कळत नाही.

आता फोनमध्ये हे सगळं आहेच, पण नोट लिहायला फोन उघडावा तर आधी वर चार नोटिफिकेशन, त्यातलं एक बॉसचं, ते उघडलं की तारीख डोक्यातून गेली. म्हणून नोट्सचा शॉर्टकट लॉक स्क्रीनवरच आणून ठेवा, बहुतेक फोनमध्ये ती सोय असते. आणि अ‍ॅप नेट नसतानाही उघडणारं हवं, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरणारं चक्र बघत उभं राहण्यात काही अर्थ नाही. टॅबलेट वगैरे ज्याला प्रेझेंटेशन दाखवायचंय त्यानेच घ्यावा, बाकीच्यांना उगाच ओझं.

राहिला पॉवर बँक. १०,००० एमएएचचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, ५ व्होल्टवर ते ७,४०० च होतात आणि त्यातही थोडं गरम होण्यात जातं, तेव्हा ५,००० चा फोन दोनदा फुल होईल असं धरून चालू नका. विमानात न्यायचा असेल तर तो केबिन बॅगेतच हवा, आणि साधारण १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप) वेगळी परवानगी लागत नाही, म्हणजे २७,००० एमएएचच्या आसपास. २०,००० वाला ७४ वॉट-अवरचा होतो, तो आरामात बसतो. फक्त त्यावरचं लेबल वाचता येतंय ना ते घरून निघतानाच बघून घ्या, पुसलेला आकडा सिक्युरिटीवाल्याला समजावत बसायला तिथे वेळ नसतो.